पाणथळीवरची कॉफी

मुलीच्या घरी उशीर नको म्हणून नव्वाफने सल्तहून इतक्या लवकर गाड्या हाकायला लावल्या, की मुलीचं गाव अझरक आलं तेव्हा दुपारची नमाज नुकती आटोपली होती. मुलीकडचं बोलावणं होतं असरनंतरचं, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजनंतरचं. इतक्या आधी दारात जाऊन उभं राहायचं म्हणजे आतल्या बायकांना भांडी घासताना पकडायचं. तेव्हा दोन मिनीबस भरून आलेले भाऊबंद पेट्रोल पंपावर सूर्यफुलाच्या बिया सोलत बसले आणि नव्वाफ गाडीतच पोट धरून बसला.

नव्वाफचं सल्तच्या बाजारात औषधांचं दुकान होतं. अख्ख्या गावाला जळजळीच्या गोळ्या देणाऱ्या या माणसाला स्वतःला मात्र कुठल्याच गोळीचा गुण येत नसे. आज तर छातीत निखारा ठेवल्यासारखं होत होतं. रुबाच्या वडिलांनी, अबू दह्हामने, होकार दिलेला नव्हता. नकारही नाही. "या, बघू," एवढाच निरोप. इकडे नव्वाफचा मुलगा सुहैब रुबा सोडून दुसऱ्या मुलीचं नाव ऐकायला तयार नव्हता आणि त्याच्या आईने निघताना दारातच बजावलं होतं, "नकार घेऊन आलात तर आजपासून झोपायचं दुकानात!"

सगळी मदार मिस्कालकाकांवर होती. काका ऐंशीच्या घरातले, अंगावर सोनेरी काठाचा पायघोळ झगा, अबा, आणि आवाज असा की या डोंगरावर सलाम केला तर त्या डोंगरावरचा माणूस उत्तर देई. मागणी घालायला वडीलधाऱ्यांची फौज निघाली की तिच्या पुढे काकाच. यजमानाने बिनकानाच्या इवल्या कपातली पहिली कॉफी दिली की ती न पिता खाली ठेवायची. यजमान विचारणार, "मागणं काय?" काका सांगणार. यजमान म्हणणार, "दिलं, प्या आता." मग काका पिणार. या एका कपाच्या जोरावर त्यांनी लग्नं जुळवली होती, खुनाची वैरंसुद्धा मिटवली होती. काकांचा भरलेला कप आजवर कुठल्याही घरातून तसाच परत गेला नव्हता.

"नव्वाफ, नुसतं काय बसायचं?" काका म्हणाले. "इथली पाणथळ बघून येऊ. पोरवयात मी इथे शिपाई होतो. समुद्र होता रे इथे, समुद्र!"

"काका, बुटांना चिखल लागेल."

"दाजी, चला हो," नव्वाफचा मेहुणा हैथम म्हणाला. गाडी तोच चालवत होता. "तुम्ही असेच बसलात तर पोटातून धूर निघेल."

राखीव पाणथळीतली लाकडी पायवाट बोरूच्या बेटातून जात होती. काका पुढे, मागे हैथम, मग नवरामुलगा सुहैब आणि शेवटी बुटांकडे बघत नव्वाफ. वळणावर काका थांबले. समोर वाड्यातल्या हौदापेक्षा थोडंसं मोठं तळं होतं. त्यात एक म्हैस नाकापर्यंत बुडून बसली होती आणि काठावर दोन बगळे उभे होते.

"एवढंच?" काकांनी विचारलं. शहरांनी नळ लावून ओढलेलं पाणी परत थोडंच येतं. काकांचे डोळे भरून आले, ते त्यांनी रुमालाने सरळ पुसले.

तेवढ्यात बोरूंमधल्या मातीच्या खोपटातून कुणीतरी "शूऽऽ" केलं. ते पक्षी बघायचं खोपट होतं आणि आत राखणदार अबू सक्र दुर्बीण गळ्यात अडकवून बसला होता. वाळकी अंगकाठी, पांढऱ्या मिशा. "आत या, पण हळू बोला," तो कुजबुजला. "क्रौंच उतरलेत. आफ्रिकेपर्यंत जायचंय बिचाऱ्यांना. दमलेत."

दारात आलेला माणूस कॉफीशिवाय जाऊ द्यायची रीत त्याच्याकडेही नव्हती. छोट्या शेगडीवर किटली होतीच. त्याने वयाचा मान राखून पहिला कप काकांच्या हातात दिला.

आणि काकांनी तो खाली ठेवला.

हाताची सवय, दुसरं काय! पण नव्वाफच्या छातीतला निखारा एकदम फुलला. अबू सक्र ताठ बसला, डोक्यावरचा रुमाल नीट केला आणि गंभीरपणे कुजबुजला, "हाजी, मागणं काय?"

काकांनाही घोटाळा कळला. ते कपाकडे बघत राहिले.

"उचला आणि पिऊन टाका," नव्वाफ त्यांच्या कानाशी लागला.

"काही न मागता उचलू? लोक काय म्हणतील?"

"लोक कुठेत इथे? म्हैस आहे एक!"

"मग पाणी मागा ग्लासभर," हैथम म्हणाला.

"पाण्यासाठी कप खाली ठेवणारा मिस्काल नव्हे!" काका आपल्या नेहमीच्या आवाजात गरजले. बाहेर पंखांचा फडफडाट झाला. अबू सक्रने डोळे मिटून घेतले.

इकडे त्याची स्वतःची पंचाईत झाली होती. इथलं पाणी सरकारचं, म्हैस सरकारची, पक्षी अल्लाचे. त्याचं म्हणावं असं इथे एक किटली आणि एक मोडकी खुर्ची. पण दारातून पाहुण्याचा कप भरलेला परत गेला असता तर त्याला गावात तोंड दाखवायला जागा उरली नसती. शेवटी त्याने छातीवर हात ठेवला. "हाजी, जे मागाल ते दिलं. आधी दिलं, मग ऐकतो. प्या."

काकांनी समाधानाने कप रिकामा केला, 'पुरे'ची खूण म्हणून हलवून परत दिला आणि मिशा पुसल्या. आता मागण्याला मागणाऱ्याची शोभा हवी. "आम्ही मुलीला मागणी घालायला आलोय," ते म्हणाले. "तू गावचा मानाचा माणूस. आमच्याबरोबर चल. माझ्या शेजारी बस. हेच मागणं."

वाहवा! नव्वाफला काकांच्या पाया पडावंसं वाटलं.

"एवढंच ना? आलोच," अबू सक्र हसला आणि अबा शोधू लागला. "कुणाच्या घरी?"

"अबू दह्हामच्या."

अबू सक्रचा हात खुंटीवरच राहिला. "त्याच्या थोरल्याच्या लग्नात पोरं हवेत गोळ्या झाडत होती. इथले सगळे पक्षी उडाले. मी भर मांडवात पोलीस घेऊन गेलो. नवरदेवाच्या मामाची बंदूक जीपमधून गेली. तेव्हापासून अबू दह्हाम मला बघून रस्ता बदलतो."

"मग राहू दे! तुम्ही नका येऊ!" नव्वाफ घाईघाईने म्हणाला.

"शब्द दिलाय," अबू सक्र म्हणाला.

"कप रिकामा केलाय," काका म्हणाले.

सुहैबने भिंतीला डोकं टेकलं. "बाबा, संपलं सगळं," तो पुटपुटला, आणि नव्वाफने खिशातल्या दोन गोळ्या एकदम चघळल्या.

गाडीत अबू सक्र पुढे बसला, मांडीवर दुर्बीण घेऊन. मागून नव्वाफ काकांच्या कानात सारखा एकच मंत्र जपत होता. "काका, हाता-पाया पडतो, आता भलत्या ठिकाणी कप ठेवू नका. दिला कप की प्यायचा. ऐकताय ना? दिला की प्यायचा!"

"कळलं रे बाबा! दिला की प्यायचा. मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

अबू दह्हामची बैठक माणसांनी भरली होती. तो स्वतः दारात उभा राहून एकेकाला गळामिठी देत होता. अबू सक्र समोर येताच त्याचे हात हवेतच राहिले. पण दारात आलेल्या पाहुण्याला कोण काय म्हणणार? "या," एवढंच तो म्हणाला, दगडासारखा चेहरा करून. सगळे भिंतींना लावलेल्या गाद्यांवर बसले.

कॉफी आली. पहिला कप काकांना. काकांनी तो घेतला, नव्वाफकडे एक आज्ञाधारक नजर टाकली आणि गटकन पिऊन टाकला.

दुसरा कप नव्वाफला मिळाला, पण तो घोट घ्यायच्या अवस्थेत नव्हता. त्याने कप शेजारच्या तिवईवर ठेवला आणि डोळे मिटले. मागण्याआधीच प्यायले! काही मागायचंच नाही, असं भर बैठकीत जाहीर झालं होतं.

अबू दह्हाम रिकाम्या कपाकडे बघत राहिला. मग काकांकडे. मग अबू सक्रकडे. हळूहळू त्याचा चेहरा बदलत गेला.

"हाजी," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "तुम्ही काहीच मागितलं नाहीत. स्वतःचं काम बाजूला ठेवलंत आणि या माणसाला माझ्या दारात घेऊन आलात. आमचं मिटावं म्हणून?"

काकांनी उभ्या आयुष्यात समेटाची संधी सोडली नव्हती. "माणसाने माणसाशी बोलावं, अबू दह्हाम," ते म्हणाले, जणू सल्तहून तेवढ्यासाठीच निघाले होते.

"बंदूक माझ्या मेव्हण्याची होती," अबू दह्हाम अबू सक्रला म्हणाला. "पण चूक आमचीच होती रे."

"मी पण वरात संपेपर्यंत थांबायला हवं होतं," अबू सक्र म्हणाला, आणि दोघे म्हातारे एकमेकांच्या गळ्यात पडून रडू लागले. बैठकीत गलका उसळला. गरम कनाफ्याचं, पाकात भिजलेल्या चीजच्या मिठाईचं, भलंमोठं ताट आलं. आजपासून या घरात गोळी झाडायची नाही, असं अबू दह्हामने सगळ्यांसमोर सांगितलं. काकांनी दुआ म्हटली, लोक "आमीन" म्हणाले, आणि काका अबा सावरत उठलेसुद्धा. "चला, रात्र व्हायच्या आत सल्त गाठू."

सुहैबचा चेहरा बघवत नव्हता. नव्वाफने तोंड उघडलं, पण वरपासून खालपर्यंत सगळं जळत होतं. त्याने आधी गोळीसाठी खिसा चाचपला.

"आणि हा कप कुणाचा?" अबू दह्हामने विचारलं.

सगळे थबकले. तिवईवर नव्वाफचा कप काठोकाठ भरलेला तसाच होता.

"माझा," नव्वाफ म्हणाला. पाठ केलेलं लांबलचक भाषण केव्हाच पळून गेलं होतं. "माझा... हा मुलगा... तुमची रुबा... पोरगा चांगला आहे हो!"

"मग इतका वेळ काय डाळ शिजत घातली होती?" अबू दह्हाम उसळला. "आत बायका कधीच्या दाराला कान लावून बसल्यात! आधी मला वाटलं, अबू सक्रने तुमचे कान भरले, म्हणून मागतच नाहीत. हाजी कॉफी प्यायले तेव्हा माझ्या छातीत केवढी धडकी भरली, माहीत आहे? दिली! रुबा दिली! प्या आता!"

आतून बायकांच्या आनंदाच्या आरोळ्या उठल्या. सवयीने कुणीतरी बंदुकीकडे धावलं, त्याला अबू सक्र आणि अबू दह्हाम दोघांनी मिळून अडवलं. नव्वाफने ती गार, कडूजहर कॉफी शेवटच्या थेंबापर्यंत घेतली आणि कप पुढे केला. कॉफी वाढणाऱ्याने तो परत भरला. नव्वाफने तोही घेतला. तिसरा भरला गेला, चौथाही.

"दाजी, कप हलवा!" हैथम कानाशी लागला. "हलवल्याशिवाय तो थांबणार नाही. मराल!"

नव्वाफला ऐकू येत होतं, छातीही पेटली होती. पण आजचा दिवस बघता, दिलेल्या कपाचं पिण्याखेरीज दुसरं काहीही करायची त्याची हिंमत नव्हती.