बापू हवालदारांचा खांबांचा आल्बम

या, असे जवळ सरका. दारात काय उभे राहता परक्यासारखे? इतके दिवस फिरकला नाहीत, आणि वर मलाच विचारता, काय नवीन? आमच्याकडं कुठलं आलंय नवीन. जुनंच सांगते, आमच्या इस्लामपूरच्या शेजाऱ्याचं, सत्तर सालानंतरचं.

बापू हवालदार सकाळी ओट्यावर तांब्या घेऊन बसायचे. रस्त्यानं कुणी येताना दिसलं की डाव्या हातानं तो तांब्या हळूहळू फिरवायला लागायचे. माणूस जवळ येईल तसा तांब्या फिरायचा. अगदी पुढ्यात आला की थांबायचा, आणि बापू म्हणायचे, "हां, आता दिसलात." नवा पोस्टमन तर पहिल्या दिवशी पत्रं टाकून पळाला. त्याला वाटलं, हवालदार नेम धरतोय.

सराव चालायचा तो! पलटणीतून येताना बापूंनी एका साहेबाचा जुना कॅमेरा आणि त्याला लावायची हातभर लांब लेन्स विकत आणली होती. बापू तिला 'टेली' म्हणायचे, मी नळकांडं म्हणायची. लांबचा माणूस त्यातून जवळ दिसे, पण तो जरा हलला की धुकं. मग नळकांड्यावरचं कडं हातानं फिरवून त्याला पुन्हा स्वच्छ करायचं. पळता माणूस असला तर फिरवतच राहायचं. आणि बापूंना फोटो हवा होता तो पळत्या माणसाचाच. त्यांच्या सुशीचा.

सुशी रांगत होती तेव्हाच तिची आई गेली. पोरीसाठी बापूंनी पलटण सोडली. पोरगी वाढली ती वाऱ्यासारखी. खो-खोत उतरली की कुणाच्या हाताला लागायची नाही, आणि बापूंच्या कॅमेऱ्याला तर नाहीच नाही.

बापूंनी डोकं चालवलं. म्हणाले, "वैनी, पोरगी कुटंबी पळू दे, खांबाला वळसा घालाय येतीच. मी आदीच खांबावर नजर लावून बसतो." झालं. खांब असा स्वच्छ यायचा, की लाकडाच्या रेषा दिसाव्यात. पण बापूंनी बटण दाबेपर्यंत सुशी पसार. आल्बमभर नुसते खांब! आल्यागेल्याला चहा पाजून दाखवायचे. "ह्यो कवठे महांकाळचा खांब. ह्यो साताऱ्याचा. हितनं सुशी आत्ताच गेली बगा." पाहुणे बिचारे मान डोलवायचे. एका म्हाताऱ्यानं तर विचारलं, "खांब विकायचं हाय का?"

एकदा ते मैदानाच्या कडेनं ओरडले, "सुशे, वाईच थांब की गं!" सुशी पळता पळताच ओरडली, "बाबा, थांबले तर धरत्यात की!" पंचसुद्धा हसले.

मग आमच्या ह्यांना धरलं. ह्यांनी गल्लीतनं सायकल दामटायची आणि बापूंनी कडं फिरवायचं. "मास्तर, परत एकदा!" करता करता हे गटारात गेले. तो एकच फोटो काय सुरेख आला! चष्म्यावरचे शिंतोडेसुद्धा वेगवेगळे दिसतात. का, तर गटारात हे हलत नव्हते. बापूंनी तो मोठा करून, चौकट लावून, दिवाळीला आम्हाला भेट दिला. ह्यांनी तो कपाटामागं ठेवला, मी पुन्हा भिंतीवर लावला.

पुढं सुशीचं लग्न ठरलं, म्हसवडला. दिवाळीनंतरचा मुहूर्त. त्याआधी सांगलीला शेवटचे सामने. मी म्हटलं, "बापू, लग्नात काढतील की तिचे फोटो. फोटोवाला येणारच आहे."

"त्यो बसलेलं फोटो काडणार, वैनी," बापू म्हणाले. "माजी पोर कवा बसलेली बगितलीय तुमी? एक तरी पळतानाचा पायजे मला. न्हाईतर ती गेल्यावर मी बगू काय? खांब?"

मग आम्ही दोघंही सांगलीला निघालो त्यांच्यासंगं. एस.टी.त खच्चून गर्दी. बापूंनी नळकांडं सुशीच्या जुन्या दुपट्यात गुंडाळून छातीशी धरलेलं. एक बाई लगबगीनं उठली. "बसा आवं, तान्हं हाय जवळ. किती म्हयन्याचं?"

बापू खाली बसून, दुपटं सारखं करून म्हणाले, "तान्हं न्हाई, टेली हाय." नाव जरा वेगळं ठेवलंय, एवढंच तिला वाटलं असणार.

मैदानावर मी बापूंना दम भरला. "आज खांबाकडं बघायचं नाही. पोरीच्या मागं फिरवा ते." बापूंनी डोळा लावला. सुशी उतरली, सुटली. बापूंचा हात फिरू लागला. आत, बाहेर, पुन्हा आत. एकदम ओरडले, "दिसली! वैनी, सबंध दिसली!"

"मग दाबा की बटण!"

हात फिरतच होता. सुशीनं तिघींना हुलकावण्या दिल्या, खांबाला गर्रकन वळसा घातला, लोक शिट्ट्या मारायला लागले. मी ओरडतेय, हे ओरडतायत, "दाबा, बापू, दाबा!" पंचांची शिट्टी झाली. वेळ संपली. सुशी नाबाद.

आणि कॅमेऱ्यातला रोल कोराच्या कोरा.

मी अशी चिडले म्हणता! "आवं, इतकी वर्षं खटाटोप केलात, आणि आज बोट का आखडलं?"

बापूंनी कॅमेरा खाली घेतला. डोळ्याभोवती त्याचा गोल वळ उठला होता. म्हणाले, "बटण दाबलं की आतला आरसा वर उडतो, वैनी. डोळ्याम्होरं अंधार हुतो, पापणी मिटल्यागत. फोटू निगतो, पर त्या टायमाला पोर आपल्याला दिसत न्हाई. आज पयल्यांदाच ती हातातनं सुटली न्हाई. म्हटलं, तेवडा अंधार तरी कशाला?"

सुशी सासरी गेली. बापू रडलेबिडले नाहीत. पण म्हसवडकडं कुणीही निघालं, बैल बघायला असो की सिद्धनाथाच्या दर्शनाला, की बापू एस.टी.च्या थांब्यापर्यंत त्याच्यासंगं चालत जायचे. निरोप दरवेळी तोच. "सुशीला म्हणावं, काम कायबी न्हाई. नुसतं येऊन जा."

तुम्हाला तरी मी वेगळं काय सांगू? काम काढून येऊ नका. असेच या, आणि लवकर या.