फिरता आहेर

लेकीच्या लग्नात पोपटरावांना एक लाख साठ हजारांचा फायदा होणार होता. हिशेब सरळ होता. बोलावणं चारशे घरांना. घरटी शंभराचा आहेर धरला तर चाळीस हजार, पाचशेचा धरला तर दोन लाख. मधला फरक माणसाच्या लाजेवर अवलंबून. आणि लोकांना लाजवण्यात पोपटरावांचा हात धरणारा शिरूर तालुक्यात कुणी नव्हता!

कार्यालयाच्या दारातच त्यांनी आपल्या खात्याचा क्यूआर टांगला. शेजारी माइक. पहिला आहेर पुतण्याचा.

"पप्पूशेठकडून पाच हजार एक!"

सगळं कार्यालय गार! पप्पूला ते पैसे घटकाभर आधी काकांनीच पाठवले होते. परत आले की काकांनी तेच दुसऱ्या पुतण्याला धाडले, मग तिसऱ्याला. सहा पुतणे झाले. एकच रक्कम, पण नवरदेवासारखी मिरवून आली. मग काय! शंभराची पाकिटं गुपचूप खिशात गेली आणि पाचशे-पाचशे येऊ लागले.

लाखाच्या वर आकडा गेला आणि पोपटरावांचा मोबाईल थरथरला. 'आपले खाते तपासणीसाठी गोठवण्यात आले आहे.' लग्नासाठी ठेवलेली शिल्लकही त्याच खात्यात!

तिकडं वऱ्हाड पंगतीला बसलेलं. स्वयंपाकाचं कंत्राट दौंडच्या गीताबाईंचं.

"पोपटआप्पा, राहिलेले साठ हजार टाका. मग जिलेबी भाईर."

"अवो, खातं अडकलंय!"

"मग जिलेबीबी अडकली."

बँकेच्या रुपाली मॅडम पाहुण्यांतच होत्या. पोपटराव धावले.

"म्याडम, भरल्या लग्नात ह्ये काय?"

"मी नाही गोठवलं, पोपटराव. नवा कायदा आलाय, गुन्ह्याचा पैसा हुडकायला. आता व्यवहारांवर एआयची नजर असते. एकच रक्कम सहा जणांकडून फिरून आली, त्याला वाटलं टोळी आहे."

"टोळी? भावकी हाय ती!"

"त्याला भावकी कळत नाही."

"आमाला तरी कुठं कळतीय!" पप्पू म्हणाला.

"पैसे मुळात कुणाचे, ते लिहून द्या," मॅडम म्हणाल्या. "साक्षीला दोन पाहुणे लागतील. नाहीतर आलेला प्रत्येक आहेर ज्याचा त्याला परत करायला बँकेला सांगा. खातं लगेच मोकळं होईल."

पोपटरावांनी व्याह्यांकडं पाहिलं. व्याही रिकाम्या पत्रावळीकडं बघत होते.

"परत करा! समद्यांचं परत करा!"

खातं सुटलं, जिलेबी सुटली. चारशे घरांत वाहवा झाली. "आप्पा आहेर घेत न्हाईत! मोठा माणूस!" पुन्हा कुणी खिशात हात घातला नाही.

पप्पूनं मोबाईल पुढं धरला. "काका, माझेबी पाच हजार एक आले. बाकीच्या पाची जणांचेबी आले."

"आरं, पैशे माझे हायेत ते! टाक माघारी!"

"परत फिरवायचे म्हंता?" पप्पूनं आवाज चढवला. "मॅडमना इचारू का?"

पोपटरावांनी अख्खी जिलेबी तोंडात कोंबली.

जेवली चारशे घरं, आहेर झाला सहा पुतण्यांना, आणि दोन्हीचा खर्च एकट्या नवरीच्या बापाचा!