चार सेंटिमीटरसाठी

"रविवारी मोरेटन बेटावर नेऊन दाखव. नाहीतर सोमवारी होडी विकायची," लॉर्नाने सांगून टाकलं.

गेल्या हिवाळ्यात धुक्यात नवरा-बायको चार तास एकाच तरंगत्या लाल खुणेभोवती फिरत होते. तेव्हापासून तिने होडीत पाय ठेवला नव्हता. तिचा नवरा डेसमंड निवृत्त विज्ञानशिक्षक. त्याने रडार, जीपीएस आणि दोन रेडिओ अँटेना आणल्या आणि होडीच्या पक्क्या छपरावर, म्हणजे हार्डटॉपवर, त्यांची मांडणी सुरू केली.

"जीपीएस रडारच्या झोतात येतोय," शेजारचा इलेक्ट्रिशियन बर्नी म्हणाला. म्हणून रडारसाठी खांब वेल्ड केला. मग होडीचा रात्री लावायचा पांढरा दिवा रडारच्या आड जाऊ लागला, म्हणून दिवा त्याच्याही वर गेला. दिव्याची खरखर रेडिओत यायला लागली, म्हणून अँटेना दोन्ही कडांना सरकल्या.

"लेका, हे छप्पर आहे की लग्नाचा केक?" बर्नीने विचारलं.

"एकेक माप काटेकोर आहे," डेसमंड म्हणाला.

ते खरंच होतं. फक्त सगळी मापं हार्डटॉपपासून वर घेतलेली होती. पाण्यापासून एकही नव्हतं.

रविवारी सकाळी होडी कालव्याच्या पुलाशी आली आणि पुलावरून शेजारीण ग्लेनिस ओरडली, "थांब! आपटेल!"

अँटेना आडव्या केल्या, दिवा काढला, तरी रडार चार सेंटिमीटरने अडत होतं. ते उतरवायला दोन तास लागले असते, आणि ओहोटी तळाला पोचली होती. वीस मिनिटांत भरती सुरू होऊन पाणी चढणार होतं. लॉर्ना पुलाजवळच्या धक्क्यावर उभी होती. "होडी पलीकडे गेली की मगच चढेन," असं तिने आधीच बजावलं होतं.

डेसमंडने वही काढली. होडी पाण्यात एक सेंटिमीटर दाबायला एकशेचाळीस किलो. चार म्हणजे पाचशे साठ. होडीला परवानगी दहा माणसांची. त्याने पुलावर हसत उभ्या असलेल्या शेजाऱ्यांकडे पाहिलं.

"या सगळे खाली! लाइफ जॅकेट घाला आणि वजन सांगा!"

"सत्तर," पोट आत घेत बर्नी म्हणाला.

"पन्नास," ग्लेनिस म्हणाली. "तेही बुटांसकट."

सात जणांची बेरीज चारशे अठ्ठ्याण्णव झाली.

"बासष्ट किलो कमी पडताहेत," डेसमंड हताश होऊन म्हणाला.



"सरक," लॉर्ना म्हणाली आणि होडीत उतरली. "बरोबर बासष्ट आहे मी. खरे बासष्ट."

होडी सावकाश पुलाखालून गेली. रडारच्या वर चांगली बोटभर फट राहिली होती.

डेसमंडने ती फट नजरेने मोजली आणि लगेच वही उघडली. "एक मिनिट. एकशेवीस किलो जास्तीचे आले कुठून?"

बर्नी पाण्याकडे बघू लागला. ग्लेनिसला अचानक एक पेलिकन पक्षी फार आवडला.

"म्हणजे माझी गरजच नव्हती?" लॉर्नाने विचारलं.

"तसं... नव्हती," डेसमंड चाचरत म्हणाला. "वळवू का? धक्क्यावर सोडतो."

लॉर्नाने समोर पाहिलं. समुद्र लख्ख होता आणि रडारच्या पडद्यावर मोरेटन बेट स्पष्ट दिसत होतं. ती पडद्याशेजारच्या खुर्चीत ऐसपैस बसली.

"चल पुढे."

"आणि आम्ही?" बर्नीने विचारलं. "आम्हाला कुठे सोडणार?"

"सोडणार कशाला?" सँडविचचा डबा त्याच्यापुढे धरत लॉर्ना म्हणाली, "संध्याकाळी याच पुलाखालून परत यायचंय. पोटभर खा सगळे."