दाजींनी वाचलेला इंजिनाचा नंबर

तीस वर्षं लोकांची डोकी हाताळलेल्या माणसाला एका गाडीचं इंजिन ओळखता येऊ नये, हे दाजींना मान्यच नव्हतं. दाजी म्हणजे आपले सलूनवाले. मेहुणा त्यांना दाजी म्हणायचा, ते ऐकून अख्खी गल्ली म्हणायला लागली.

गाडी सासऱ्यांची. ते गेल्यावर ती लेकीकडे आली आणि शेडमध्ये भिंतीला चिकटून बसली, ती उठेचना. दाजींची बायको याच गाडीवर ड्रायव्हिंग शिकली होती. वडिलांची गाडी एकदा तरी पुन्हा आपल्या हातांनी चालवायची, एवढीच तिची हौस. पण गॅरेजचे मिस्त्री पडले रोखठोक. इंजिन मूळचं असेल तर उघडून नव्यासारखं करून देतो, भलतंच बसवलेलं असेल तर गाडी सरळ भंगारात घाला, म्हणाले. आधी त्यावरचा नंबर आणा.

नंबर नेमका भिंतीकडच्या अंगाला. तिथे हात जायचा, डोकं जायचं नाही. गाडी ढकलावी तर चारही चाकं जाम. पण दाजींचं कुठे काय अडतंय! गिऱ्हाइकाला मानेमागची कटिंग दाखवायचा आरसा त्यांनी इंजिनामागे धरला, दाढीच्या ब्रशने काजळी झाडली आणि इंग्रजी आकडे झोकात उतरवून घेतले. आठ, शून्य, एक, एक.

मिस्त्रींनी आपलं जाडजूड पुस्तक उघडलं. चष्मा वर केला, खाली केला.

"दाजी, हे पाणी उपसायच्या पंपाचं इंजिन आहे."

बायकोचा चेहरा खर्रकन उतरला. मग तिला आठवलं, मागे एकदा धाकट्या भावाने गाडी दुरुस्तीला म्हणून नेली होती आणि चांगली महिनाभर ठेवून घेतली होती. तिने तिथूनच फोन लावला. भाऊ आधी हसला, मग चिडला, मग दोघांनीही फोन आपटले. इकडे दाजींच्या पोटात काही राहीना. तोंडाला साबण लावलेल्या गिऱ्हाइकाला उठून जाता येत नाही, त्यामुळे प्रत्येकाला ऐकावंच लागलं. दुपारपर्यंत मेहुण्याने सासऱ्यांचं इंजिन विकून खाल्लं होतं. संध्याकाळी नर्सरीवाला येऊन, पंप देणार का, म्हणून विचारून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मेहुणा दारात उभा. रात्रभर झोपला नसावा.

"ताई, बाबांच्या गाडीशी मी असं करीन?"

मनातून तिलाही ते पटत नव्हतंच, पण आकडे खोटं कसं बोलतील? मेहुणा म्हणाला, मला नंबर दाखवा. दाजी मोठ्या तोऱ्यात त्याला शेडमध्ये घेऊन गेले आणि आरसा इंजिनामागे धरून उभे राहिले. म्हणाले, वाच.

मेहुण्याने आरशात पाहिलं. मग दाजींकडे पाहिलं, बराच वेळ. मग खिशातून फोन काढला, हात इंजिनामागे घातला आणि फोटो काढून ताईपुढे धरला. एक, एक, शून्य, आठ.

जन्मभर आरशात बघून लोकांचे भांग पाडलेल्या दाजींना उलटं-सुलटं सारखंच! गॅरेजमध्ये मिस्त्रींनी पान उलटलं आणि बोट ठेवलं. इंजिन अस्सल, सासऱ्यांचंच. बायको आधी भावाच्या गळ्यात पडून रडली आणि मग नवऱ्याकडे वळली. ती त्यांना काय म्हणाली, ते राहू द्या.

दोन महिन्यांनी गाडी रस्त्यावर आली. स्टिअरिंगवर बायको, शेजारी भाऊ, दाजी मागे. तिचा हात वडिलांसारखाच गिअरवर विसावलेला बघून दाजींना भरून आलं. आपणही काही मदत करावी म्हणून त्यांनी खिशातून आरसा काढला, मागचा रस्ता बघितला आणि उजवीकडून स्कूटर येतेय, म्हणून सांगितलं.

"म्हणजे डावीकडून," बहीणभाऊ एकदम म्हणाले.

स्कूटर उजवीकडूनच आली. चांगली शिव्या देत गेली. पण दाजींना आता विचारतो कोण?