साडूंचा पक्षी

साडूंनी निळ्या तुऱ्याचा पक्षी पाहिला आणि तेव्हापासून चष्मेवाल्यांना घास गोड लागेना. चार माणसं जमली की साडू मुद्दाम विचारायचेच, "काय चष्मेवाले, सगळ्या गावाला नंबर काढून देता, तुम्हाला कधी दिसायचा पक्षी?"

शेवटी चष्मेवाल्यांनी दुकानाला कुलूप ठोकलं. "आता पक्षी बघूनच साडूंना तोंड दाखवीन!"

"त्यांचं तोंड बंद करायला एवढ्या लांब कशाला? मी इथंच करून देते," बायको म्हणाली. पण गेली सोबत.

आधी रेल्वे, मग हाडं खिळखिळी करणारी बस, मग होडी. होडीत वारा सुटला आणि चष्मेवाल्यांची नवीकोरी टोपी पाण्यात गेली. नावाड्याला दया आली. त्यानं आपली गवताची टोपी दिली, सगळ्या बाजूंनी काड्या बाहेर आलेली.

"झाडू उलटा ठेवल्यासारखा दिसतोय," बायको म्हणाली.

तळ्याकाठी एक वाटाड्या घेतला आणि चिखलात सगळे दबा धरून बसले. चष्मेवाले दुर्बिणीला डोळे चिकटवून. एवढ्यात वाटाड्या कुजबुजला, "काका, हलू नका."

"साप?"

"पक्षी!"

"कुठाय?"

"तुमच्या डोक्यावर."

चष्मेवाल्यांनी बुबुळं वर नेली. टोपीची कड दिसली. "टोपी काढू?"

"नाही!" सगळे एका दमात कुजबुजले.

पक्ष्याला घरट्यासाठी काडी हवी होती, आणि तो भलताच चोखंदळ निघाला. एक उपसायचा, टाकायचा, दुसरी उपसायचा. इकडे चष्मेवाल्यांच्या विजारीत मुंगी शिरली, गुडघ्याशी जरा थांबली आणि वर निघाली.

"काय तुरा आहे, बाई!" बायको म्हणाली.

"अगं, मला सांग ना, कसाय?"

"गप्प बसा, उडेल! लग्नापासून तुमच्या डोक्यावर माझ्याशिवाय कुणी बसलं नव्हतं. बघू दे मला नीट."

तेवढ्यात मुंगी कडाडून चावली. चष्मेवाले उडाले. पक्षीही उडाला, पण मागच्या मागे. ते गर्रकन वळले, तर गवत तेवढं हलत होतं.

बायकोनं मात्र पक्षी टोपीवर असतानाच फोटो काढला होता. तो तिनं तिथूनच साडूंना धाडला. लगेच फोन वाजला. साडूंचा आवाज पार लोण्यासारखा.

"चष्मेवाले, खरं सांगू? मला लांबून नुसती शेपटी दिसली होती हो. तीही वाटाड्या म्हणाला म्हणून शेपटी. तुमच्या तर डोक्यावर खेळला! सांगा ना, जवळून कसा आहे?"

बायको तोंड दाबून हसत होती. चष्मेवाल्यांनी तिच्याकडे पाठ केली, घसा साफ केला.

"वजनाला हलका आहे," ते म्हणाले.