नवावरचा काटा

स्वयंपाकघरातल्या यंत्राचा काटा नवाकडे सरकू लागला आणि आप्पांनी बायकोला दंडाला धरून पुन्हा एकदा जिन्यात नेऊन उभे केले. तिच्या हातात अर्धी सोललेली मटाराची शेंग होती.

"अहो, शेंगा तरी सोलू द्या."

"जीव राहिला तर सोलशील."

"आणि सूनबाई? ती आतच आहे की."

"ती ऐकत नाही. तू ऐकतेस, म्हणून तुला बाहेर काढलं."

"मी कुठे ऐकलं? तुम्ही ओढलंत."

आत यंत्र गुरगुरले, थोडे फुसफुसले आणि गप्प झाले. मग सुनेची हाक आली, "या आत दोघं! कॉफी झाली. घर जागेवर आहे."

आप्पांचे सगळे आयुष्य बॉयलरवर गेले होते. कापड रंगवायच्या कारखान्यात दुमजली घराएवढा बॉयलर होता आणि त्याच्या तबकडीवर सातच्या आकड्याला एक लाल रेघ. काटा रेघेकडे निघाला की आग कमी करायची आणि चुकून रेघेला टेकलाच, तर शिट्टी फुंकून सगळी माणसे बाहेर काढायची, हे त्यांचे काम. त्यांनी इतके डोळ्यांत तेल घालून ते केले की काटा कधी रेघेला टेकलाच नाही. त्यामुळे शिट्टी फुंकायची वेळही आली नाही. याचा त्यांना अभिमान होता आणि खरे सांगायचे तर थोडी चुटपुटही होती. निवृत्त होताना ती शिट्टी त्यांनी मागून घेतली आणि घरी खिळ्याला अडकवली. आणि आता म्हातारपणी सुनेने मिक्सरच्या शेजारी थेट नवावर जाणारे यंत्र आणून ठेवले होते.

"आप्पा, पाणी केवढं असतं त्यात? कपभर," सून समजावत असे.

"तोफेत दारू तरी केवढी असते? मूठभर."

"नऊ बार लागतातच हो. दाब कमी पडला तर एस्प्रेसो होत नाही, नुसतं कडू पाणी होतं."

"मग कडू पाणी प्या. कडू पाणी पिऊन कुणी छताला चिकटल्याचं मी ऐकलं नाही."

आप्पांची बायको या भांडणात पडत नसे. तिचा आपला दोन मजली स्टीलचा फिल्टर होता. वरच्या डब्यात कॉफीची पूड घालायची, उकळते पाणी ओतायचे, झाकण ठेवायचे आणि आपल्या कामाला लागायचे. खालच्या डब्यात थेंब थेंब अर्क साठत राही. "माझ्या कॉफीला काटा नाही की गुरगुर नाही," ती म्हणे. "ती तिची पडते, मी माझी कामं उरकते."

पण या वेळी प्रश्न नुसत्या कॉफीचा नव्हता. सून ज्या हॉटेलात कॉफी करायची ते बंद पडले होते. दुसऱ्या एका शहरातल्या हॉटेलाने तिला बोलावले होते आणि सोमवारी तिने हो की नाही ते कळवायचे होते. इकडे चौकातल्या पुस्तकांच्या दुकानाच्या मालकीणबाईंना दुकानातल्या खिडकीजवळच्या मोकळ्या कोपऱ्यात कॉफी सुरू करायची होती. रविवारी संध्याकाळी त्या चव घ्यायला घरी येणार होत्या. त्यांना कॉफी आवडली, तर सून इथेच राहणार. नाही आवडली, तर सून तिकडे जाणार, मुलगाही बदली मागून घेणार आणि पाठोपाठ पाच वर्षांची नात. आप्पा हे कुणाशी बोलले नव्हते, पण दोन दिवस त्यांच्या घशाखाली घास नीट उतरत नव्हता.

शनिवारी दुपारी त्यांना एक युक्ती सुचली. कारखान्यात तपासनीस येणार असला की आप्पा त्या दिवशी बॉयलर मऊ ठेवत. काटा पाचाच्या आसपास, वाफेचा आवाज नाही, कुठे गळती नाही. तपासनीस खूश होऊन, सही करून निघून जाई. आता या पुस्तकवाल्या बाई म्हणजे तपासनीसच की! भल्या घरची बाई कॉफी प्यायला यायची, तिच्यासमोर यंत्र नवावर नेऊन तिच्या तोंडचे पाणी कशाला पळवायचे?

सून बाजारात गेली होती. आप्पांनी स्क्रूड्रायव्हर घेऊन यंत्राचे झाकण उघडले. आतल्या नळ्यांच्या गुंत्यात दाबाची चिमुकली झडप त्यांनी गर्दीत नात्यातला माणूस ओळखावा तशी लगेच ओळखली. तिचा स्क्रू त्यांनी प्रेमाने सैल केला, झाकण लावले, वरची धूळही पुसली. त्या दिवशी ते पोटभर जेवले.

रविवारी नातीची लुडबुड नको म्हणून मुलगा तिला घेऊन सकाळीच बाहेर पडला आणि सुनेने सरावाला सुरुवात केली. बिया दळल्या, पूड हँडलच्या वाटीत दाबून बसवली, बटण दाबले. कॉफी आली ती फिकट, पातळ, आंबट. काट्याला नजर लागेल म्हणून की काय, आप्पा स्वतःच तबकडी पाठीने झाकून उभे होते.

"असं कसं झालं?" सून म्हणाली. "पूड जाड राहिली वाटतं."

तिने पूड बारीक केली. आता कॉफी धड वाहीचना. एकेक थेंब टपकू लागला.

"आई, हे तर तुमच्या फिल्टरसारखं पडतंय!"

"मग चांगलंच आहे की."

"आई!"

तिने पाणी बदलले, जाळी धुतली, पूड जास्त घातली, कमी घातली. दर वेळी नवा कप बिघडत होता, आणि टाकून देणे आप्पांच्या स्वभावात नसल्यामुळे आणि मनही खात असल्यामुळे प्रत्येक कप ते मुकाट्याने पीत होते. जे त्यांना पेलवेनात ते कप तळमजल्यावरच्या हेडमास्तरांकडे जात. दुपारपर्यंत हेडमास्तरांनी घरातल्या सगळ्या खिडक्या पुसून काढल्या आणि इमारतीचा जिना पुसायला घेतला. आप्पांचे डोळे बटणासारखे झाले होते आणि हात एका जागी राहत नव्हते.

शेवटी सून स्टुलावर बसली. "आई, माझा हातच गेला. हॉटेल बंद पडल्यापासून सवय मोडली माझी."

"हात कुठे जातो गं? बिया वाईट असतील."

"बियाही संपल्या." ती उठली, पिशवी घेतली. "आणते आणखी. पण आता जमली नाही ना, तर बाईंना येऊ नका म्हणते आणि त्या हॉटेलाला आजच कळवून टाकते. उद्यापर्यंत कशाला थांबायचं?"

दार लागले. आप्पांच्या बायकोने नवऱ्याकडे टक लावून पाहिले.

"सकाळपासून यंत्र सुरू आहे आणि तुम्ही मला एकदाही जिन्यात नेलं नाहीत."

"त्यात काय एवढं?"

"काय केलंत?"

"मऊ केलं जरासं. बाई घाबरू नयेत म्हणून."

तिने कपाळाला हात लावला. "अहो, ती पोर स्वतःला दोष देतेय! आली की सांगा तिला."

"सांगायचं कशाला? होतं तसं करून ठेवतो. तिला कळणारही नाही."

"कालही मनात हेच म्हणाला असाल."

आप्पांनी झाकण उघडले. काल स्क्रू किती फिरवला होता ते हाताला आठवत होते, पण आज हात कॉफीच्या ताब्यात होता. स्क्रू घट्ट करता करता तो आणखी घट्ट झाला. आता करून बघायला हवे. बिया तर संपलेल्या. पण हँडलमध्ये शेवटच्या खेपेची पिठासारखी बारीक पूड तशीच घट्ट दाबलेली होती. आप्पांनी ते हँडल थरथरत्या हाताने यंत्राला लावले. ते पुरते फिरून बसले नव्हते. बटण दाबले.

काटा पाचावर आला. सातावर आला. नवावर आला, आणि तिथे त्याला थांबायचे कारण दिसले नाही. अकरा, तेरा. "अगं..." एवढेच आप्पा म्हणाले, तोच फट्कन आवाज झाला आणि हँडल निसटून सिंकमध्ये जाऊन पडले. कॉफीचा चिखल भिंतीवर, छतावर आणि आप्पांच्या सदऱ्यावर उडाला.

धंद्याची सवय मोठी. आप्पांनी आधी प्लग उपटला. मग खिळ्यावरची शिट्टी ओढली आणि आयुष्यभर राखून ठेवलेला श्वास तिच्यात ओतला.

इमारत भराभर रिकामी झाली. वरच्या मजल्यावरचे शिंपी अर्ध्या गालाला दाढीचा साबण लावलेले तसेच आले. हेडमास्तर हातात फडके घेऊन आले. सगळ्यांत शेवटी, सावकाश, आप्पांची बायको उतरली. दोन्ही हातांत तिने फिल्टर धरला होता.

"दागिने घ्यायचे सोडून हे काय आणलंस?"

"दागिने गार होत नाहीत."

"माझं दूध गॅसवर आहे!" हेडमास्तर एकदम ओरडले.

"आत जायचं नाही!" आप्पा गरजले. "कुणीही नाही!"

हेडमास्तर कायदा मानणारे होते. ते आत गेले नाहीत. त्यांनी सकाळीच पुसलेल्या खिडकीतून हात घालून गॅस बंद केला, दुधाचे पातेले बाहेर काढले आणि मागोमाग ओट्यावरचे कपही. आता हातात गरम दूध, समोर ताजा अर्क आणि घरी जायला बंदी. दुसरे काय करणार? आप्पांच्या बायकोने रस्त्यातच कॉफी वाटायला घेतली. एरवी जिन्यात मान हलवून बाजूला होणारी माणसे कप हातात धरून गप्पा मारू लागली.

आणि नेमक्या अशा वेळी रस्त्याच्या एका टोकाकडून बियांची पिशवी घेतलेली सून आली आणि दुसऱ्या टोकाकडून, ठरल्यापेक्षा जरा लवकरच, पुस्तकवाल्या बाई.

"इथे सभा आहे का काही?" बाईंनी विचारले.

"छे! बॉयलर उडाला," हेडमास्तर उत्साहाने म्हणाले आणि त्यांच्या हातात कप देऊन त्यांनी सगळी हकिकत, थोडी वाढवूनच, सांगितली.

सुनेचे लक्ष फक्त आप्पांच्या सदऱ्याकडे होते. "आप्पा! कुठे लागलं का? भाजलं का?"

ती ओरडली असती, तर आप्पांनी काहीतरी थाप मारली असती. पण तिने आधी हे विचारले, आणि त्यांचा धीर सुटला.

"मला काही झालं नाही. यंत्रात मीच हात घातला, पोरी. काल काटा मी पाचावर आणून ठेवला. तुझा हात शाबूत आहे. माझंच डोकं गेलं होतं."

शिंप्यांच्या गालावरचा साबण वाळत होता.

"म्हणजे सकाळपासून मी पाचावर कॉफी काढत होते?"

"साडेचारही असेल."

"साडेचारावर?" सुनेने त्यांच्याकडे पाहिले, आणि सकाळपासून पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर हसू आले. "आप्पा, साडेचारावर मी एवढी तरी काढली? चला वर. तुमच्याशी रात्री भांडते."

बाईंनी आपला कप संपवला. "ही छान आहे हं," त्या म्हणाल्या. "पण अशी मला आमच्या आईकडेही मिळते. मी एस्प्रेसो प्यायला आले होते."

वर आल्यावर सुनेने स्क्रू जागेवर आणला, तबकडी बघून खात्री केली. मग ताज्या बिया दळल्या, पूड वाटीत सारखी केली, एका दमात दाबली. हँडल घट्ट बसवले. तिच्या हालचालींत आता कसलीही शंका नव्हती. शंका होती ती बाईंच्या डोळ्यांत. त्यांनी भिंतीवरचा चिखल पाहिला, मग छतावरचा पाहिला. यंत्र गुरगुरले, काटा हलला, आणि बाई पर्स उचलून अलगद दाराबाहेर पडल्या.

यंत्र सुरू असल्यामुळे सुनेला जागचे हलता येत नव्हते. आप्पांच्या डोळ्यांसमोर नातीचे सामान जिना उतरताना दिसले. ते बाईंच्या मागे धावले.

"बाई, या ना आत."

"काटा कितीवर आहे?"

"आठावर असेल."

"आणि नवावर गेला की काय होतं?"

"कॉफी होते."

बाईंनी त्यांच्या सदऱ्याकडे नजर टाकली. "तुम्ही स्वतः तिथे थांबता?"

"मी यंत्राला चिकटून उभा राहतो. तुम्ही माझ्या मागे राहा. उडालंच काही, तर आधी माझ्यावर उडेल. सदरा गेलेलाच आहे."

असे ते दोघे आत आले, पुढे आप्पा, त्यांच्या पाठीआड बाई. काटा नवावर जाऊन थांबला, आणि तो तिथे थांबल्यावर पुढे काय होते ते आप्पांनी पहिल्यांदा पाहिले. एक बारीक, दाट धार लागली, उंदराच्या शेपटीसारखी. आधी गडद तपकिरी, मग मधाच्या रंगाची. घरभर वास पसरला. काहीही उडाले नाही.

बाईंनी एक घोट घेतला. दुसरा घेतला. मग कपातले उरलेले बघत राहिल्या, जणू ते संपवायचे त्यांच्या जिवावर आले होते.

"कधीपासून येतेस?" त्यांनी सुनेला विचारले.

आप्पांची बायको पुढे झाली. "उद्यापासून येईल. तिचा तोच विचार आहे."

"पण काकू, तुमचा फिल्टरही हवा मला दुकानात," बाई म्हणाल्या. "काही लोक यंत्र सुरू झालं की पर्स घेऊन पळतात."

बाई गेल्यावर सुनेने दुसरा कप काढला आणि आप्पांपुढे ठेवला. आप्पांनी तो चाखला, डोळे मिटले आणि रिकामा कप खाली ठेवला.

"आवडली का?"

"आणखी एक दे. ही पिताना माझं लक्ष अजून काट्यातच होतं."

"आप्पा, सकाळपासून किती कप झालेत तुमचे? हात बघा कसे थरथरतायत."

"ते सगळे पाचावरचे होते," आप्पा कप पुढे सरकवत म्हणाले. "ते हिशेबात धरायचे नाहीत."