दस्तीखालचा दवाखाना

तुम्ही कधी डॉक्टरशी इंजेक्शनांचा सौदा केलाय? आमच्या उदगीरच्या शिवाप्पांनी केलाय. डॉक्टर म्हणाले, पाच सुया. अप्पांनी खांद्यावरची दस्ती काढली, दोघांच्या हातांवर टाकली, खालून डॉक्टरांची दोन बोटं दाबली आणि छताकडे बघत बसले. शेवटी तीनवर ठरलं. ताप पाचव्या दिवशीच उतरला, पण अप्पांच्या मते ते तापाचं वागणं सौद्याला धरून नव्हतं.

अप्पा मोंढ्यातले आडते. रुमालाखाली बोटं दाबून तूर-हरभऱ्याचा भाव ठरवायची तिथली जुनी रीत. मोंढ्यानं ती सोडली, अप्पांनी नाही. नातवानं किती वेळ अभ्यास करायचा, पंगतीत किती जिलब्या वाढून घ्यायच्या, सगळं दस्तीखाली. जमलं की कानडीत "आयतु" म्हणायचं, म्हणजे झालं, ठरलं. आणि कमी मिळालं म्हणून कुणी कुरकुरलं की, "आज एवढं उचलू. बाकीचं उद्या."

असा माणूस नगरपालिकेचा मेंबर झाला.

भूकंपाला काही वर्षं उलटली होती. लातुरात गल्लोगल्ली शिकवण्या सुरू झाल्या होत्या, घराघरात भावी डॉक्टर तयार होत होते. आमच्या मोहल्ल्यात मात्र एकही तयार डॉक्टर नव्हता. आम्ही पोरांनी पत्रक काढलं: दिवसरात्र दवाखाना, बाळंतपणाची खोली, सर्वांना औषध फुकट. खाली ठळक छापलं, यातला एक शब्दही कमी होणार नाही. मजकूर माझा होता.

मग अप्पांनी पालिकेत ठराव आणला आणि तो वाचून माझं डोकं फिरलं. दवाखाना फक्त संध्याकाळी. बाळंतपणाचं नावच नाही. फुकट औषध केवळ पिवळ्या रेशनकार्डावर. जागा पालिकेचा हॉल, पण सकाळी तिथं शिकवणी चालणार. वर्षानं रोगी मोजायचे, कमी भरले तर कुलूप. शिवाय दवाखान्याला नाव विरोधी गटाच्या बापूसाहेबांच्या वडिलांचं. त्या गृहस्थांनी जन्मात लंघनाशिवाय दुसरं औषध घेतलं नव्हतं.

ठराव एका मतावर अडला. ते मत आमच्या वॉर्डाच्या मेंबर शमीमबींचं. त्या म्हणाल्या, पोरं सांगतील तसा हात वर करीन. पोरं म्हणजे मी. पत्रकांचा गठ्ठा घेऊन मी तावातावानं आडतीवर गेलो.

अप्पांनी गठ्ठा आधी काट्यावर ठेवला. "वजन हाय," म्हणाले.

मी पंधरा मिनिटं भाषण ठोकलं. अर्धा दवाखाना म्हणजे गरिबांची पूर्ण फसवणूक, असं बरंच काही. अप्पांनी चहा मागवला.

"बापूसाहेबाला बापाचं नाव पायजे, मास्तरला सकाळ पायजे. मला डॉक्टर पायजे. दोन गोण्या दिल्या, एक घेतली. आज एवढं उचलू, लीडर."

मी म्हणालो, पूर्ण मिळेपर्यंत लढू.

"तवर ताप थांबंल का?"

त्यांनी माझा हात ओढला आणि वर दस्ती टाकली. किती बोटं दाबतात याची मी वाट बघत राहिलो. एकही दाबलं नाही.

मग दस्तीकडे बघतच त्यांनी सांगितलं. भूकंपात त्यांची धाकटी बहीण तिच्या गावात भिंतीखाली सापडली होती. जिवंत निघाली. जवळच तंबूत एक शिकाऊ डॉक्टर जखमींना सलाईन लावत होता. अप्पा म्हणाले, माझ्या बहिणीला तंबूत कुणी हात लावायचा नाही, तिला मोठ्याच दवाखान्यात नेणार. जीप सोलापूरच्या रस्त्याला लागली. ती वाटेतच गेली.

"तिथंच तेवढा म्या सौदा केला न्हाई," अप्पा म्हणाले. "पुरं मागितलं."

बाहेर हमाल कुणाची तरी टिंगल करून हसत होते. माझा हात अजून दस्तीखालीच होता.

"आयतु," मी म्हणालो.

ठराव पास झाला. आता रोज संध्याकाळी शिकवणीच्या बाकांवर रोगी बसतात, समोरच्या फळ्यावर सकाळची गणितं तशीच असतात. शमीमबींच्या सासूबाईंनी परवा डॉक्टरला विचारलं, एवढं सगळं औषध मला एकटीलाच का? नावाची पाटी लंघनवाल्या आजोबांचीच आहे. हा ठराव अपुरा आहे, असं मी आजही म्हणतो. बाळंतपणाच्या खोलीसाठी नवं पत्रक लिहून झालंय, आणि अप्पांनी ते काट्यावर ठेवून पाहिलंय.

पण वर्ष संपत आलंय, आता रोगी मोजतील. म्हणून तुम्हाला एक मागणं आहे. खोकला असो, कंबर धरलेली असो, लातूरची गाडी पकडण्याआधी संध्याकाळी इथं या आणि नाव लावा. धडधाकट असाल तर रक्तदाब तपासून घ्या. अप्पा दाराशीच बसलेले असतात. त्यांनी दस्ती पुढं केली, तर हात द्या. बोटं दाबली, तर बिनधास्त सौदा करा. नाहीच दाबली, तर हात थोडा वेळ तसाच राहू द्या.